हाताने बनवलेली गिटार विकायचीय, पण कुणाला आणि कितीला?

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीचा, वय ६१, बँकेतून रिटायर झालोय. १९९८ साली गोव्यातल्या एका कारागिराकडून हाताने बनवलेली स्टीलच्या तारांची गिटार घेतली होती, तीन पगार गेले त्यात, घरी महिनाभर कुणी धड बोललं नाही माझ्याशी. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. तो कारागीर आता नाही. दोन वर्षं झाली बोटांना संधिवात आहे, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) सोडाच पण साधा जी कॉर्ड पण दाबवत नाही, गिटार कपाटावर पडून असते आणि ते बघवत नाही म्हणून विकायचं ठरवलंय. एका दुकानदाराने आठ हजार सांगितले, म्हणाला इंडियन लाकूड, मेकरचं नाव नाही, कोण विचारतंय. मुलाने नेटवर टाकली तर जर्मनीत राहणारा एक पुण्याचा मुलगा साठ हजार देतो म्हणतो, कुरिअरने पाठवा. आणि मिरजेची एक कॉलेजची मुलगी तीनदा येऊन वाजवून गेली, तिच्याकडून तीस हजार येतील, तेही हप्त्याने. बायको म्हणते विकूच नका. काय करावं?

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. पैशाची नड होती म्हणून माझी हाताने बनवलेली गिटार घाईघाईत एका दुकानात देऊन टाकली, आणि वर्षभराने तीच एका मुलाच्या हातात दिसली तर वरची फळी घासून काळा रंग मारलेला, आवाज पार बसलेला. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून मला कुणीही विचारलं तरी मी हेच सांगतो की आधी घेणारा बघा, किंमत नंतर.

आता ते आठ हजार. काका, नाही द्यायची. इंडियन लाकूड म्हणून नाक मुरडायला शिसव म्हणजे काय जळाऊ लाकूड आहे का, ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेची मार्टिन कंपनी १९६९ मध्ये आपल्याच शिसवीकडे, म्हणजे भारतीय रोझवूडकडे, वळली आणि आज जगभरातले चांगले मेकर पाठीला आणि बाजूंना तेच लाकूड लावतात. नावाचं मात्र खरं आहे. मिरजेची सतार म्हटलं की गावाच्या नावावरच भाव येतो, २०२४ मध्ये तिला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, पण तुमच्या गोव्याच्या कारागिराला ओळखणारे चार लोकसुद्धा नसतील. म्हणून ते काम तुम्हालाच करायला लागेल. आतलं लेबल असेल तर त्याचा फोटो काढा, नसेल तर कुणी बनवली, कुठे, कधी, लाकूड कुठलं, काय काय दुरुस्ती झाली हे एका कागदावर लिहून खाली सही करा, जुनं पत्र किंवा पावती असली तर सोन्याहून पिवळं.

मग गिटार नीट तपासा. साउंडहोलच्या, म्हणजे फळीतल्या गोल भोकाच्या, कडेला टॉर्च मारा, वरून दिसणाऱ्या रेघा कडेच्या जाडीतून सरळ खाली गेलेल्या दिसल्या तर फळी सॉलिड, थर दिसले तर प्लाय. बोटाच्या पेराने फळीवर हळूहळू टकटक करत जा, कुठे खुळखुळलं तर आतली पट्टी सुटलीय. फ्रेट्सवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) लांब सरळ पट्टी ठेवून ब्रिजपर्यंत (फळीवर तारा अडकवतात तो लाकडी तुकडा) न्या, टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं तर उत्तम, माथ्याच्या खाली ब्रिजच्या पुढच्या बाजूवर आपटलं तर नेकचा कोन बिघडलाय आणि ते काम महाग असतं. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असला तर घाबरू नका, सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, तो इतकी वर्षं त्या पातळ फळीने सोसलाय. तडा गेला असेल तर मिरजेतला सतारीचा कारागीर सांधून देईल, लाकडाची जाण त्यांना आहे, पण फ्रेट आणि नेकला हात गिटारवाल्याचाच हवा. आणि नवी दिसावी म्हणून पॉलिश अजिबात मारून घेऊ नका, ओरखडे राहू देत, जाड पॉलिशने फळी गुदमरते. कपाटावरून आजच खाली काढा हो, वर छताची धग लागते. केसमध्ये ठेवा, आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या मध्ये राहिली तर सगळ्यात बरं, सांगलीच्या मे महिन्यात लाकूड आक्रसतं आणि जुलैत फुगून ऍक्शन, म्हणजे तारांची फ्रेट्सपासूनची उंची, वर येते.

किंमतीसाठी माझा आपला हिशोब असा, आज भारतातला एखादा मेकर याच लाकडात अशी गिटार किती घेऊन बनवेल ते दोघा-तिघांना विचारा, त्याच्या निम्म्याच्या आसपास जुन्या पण निरोगी गिटारीचा भाव धरा. तुमच्या आठवणी त्यात धरू नका, त्यांचे पैसे कुणी देणार नाही आणि तुम्हालाही ते घ्यावेसे वाटणार नाहीत.

जर्मनीच्या मुलाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, लांब राहून इकडची गिटार हवीशी वाटते हे मला समजतं. पण त्याने ती ऐकलेली नाही, हातात घेतलेली नाही, आवडली नाही तर परत कशी येणार? शिसव सायटीसच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, २०१७ पासून तर सगळ्याच जातींच्या रोझवूडला कागद लागायला लागले, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, पण ब्राझिलियनला नाही, म्हणजे लाकूड कुठलं हे लेखी दाखवायची वेळ येऊ शकते. शिवाय आपल्याकडचे निर्यातीचे नियम वेगळे, पॅकिंग, विमा, तिकडे १९ टक्के आयात व्हॅट, आणि थंडीत हीटरच्या कोरड्या खोलीत सांगलीच्या हवेत मुरलेली फळी तडकायची भीती. (नेटवर कुणी पैसे पाठवतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.)

मी मिरजेच्या मुलीला देईन. तीनदा येऊन वाजवून गेली म्हणजे तिला गिटारीतलं काहीतरी ऐकू आलंय. पण फुकट किंवा दयेपोटी नको, तीस हजार ठरवा, पंधरा हातात आले की गिटार द्या, बाकीचे पाच महिन्यांत, दोघांच्या सहीचा साधा कागद करा. आणि एक अट तोंडीच घाला की कधी विकायची झाली तर पहिला फोन तुम्हाला.

काकूंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, त्यांना गिटारीपेक्षा तुमचं वाजवणं बंद होतंय याची काळजी असेल. म्हणून तीस हजारातले चार-पाच हजार बाजूला काढा, एक साधी गिटार घ्या, ऍक्शन मुद्दाम उंच ठेवा, तारा जरा जाड लावा आणि ओपन जी ला लावा (न दाबता छेडलं तरी जी कॉर्ड वाजतो), म्हणजे सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक स्वर खाली. करंगळीत काचेची नळी घाला. या नळीच्या वाजवण्यात, म्हणजे स्लाइडमध्ये, तार दाबायचीच नसते, नळी फक्त टेकवून सरकवायची, डॉक्टरांना विचारून रोज दहा मिनिटं करून बघा. मुलगी दर महिन्याला हप्ता द्यायला येईल तेव्हा तिला सांगा गिटार घेऊनच ये, एकदा दोन्ही मिळून वाजवा.