डोंगर पेटलाय, घर खाली आहे. झोप कशी लागणार?

शिमगा जवळ आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "समोरच्या डोंगराला वणवा लागला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, दरवर्षीचंच आहे. मग मीच भित्री आहे का? मला काही झालंय का?"

काही झालेलं नाही. डोंगर जळताना दिसत असताना झोप न येणं हा आजार नव्हे. मात्र या जागरणाला शेवट नसला आणि ते एकट्याच्याच वाट्याला आलं, तर माणूस आतून खचत जातो. दापोली तालुक्यातल्या एका काकींचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकींचं घर वाडीच्या टोकाला. मागे काजूची बाग, बागेच्या वर जांभ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, त्यावर गवताचा उतार आणि माथ्यावर कातळाचा सडा. मुलगा विरारला नोकरीला, घरात सून आणि सात वर्षांची नात. आदल्या वर्षीच्या वणव्यात बागेचा वरचा तुकडा आणि पेंढ्याची उडवी गेली होती. पंधरा-वीस वर्षं जपलेली काजूची झाडं एका दुपारीत जातात तेव्हा काय वाटतं, हे ज्याचं गेलं त्यालाच ठाऊक. यंदा फेब्रुवारी सरता सरता डोंगरावर पुन्हा धूर दिसला आणि काकींनी अंथरूणच सोडलं.

"मागल्या दारी उभी राहते गो बाय," त्या म्हणाल्या. "नजर काढली तर तेवढ्यात खाली उतरेल असं वाटतं."

शेजारचे चुलत दीर त्यांना रोज समजावत, "वहिनी, आग वर चाललीय. खाली कशाला येतेय?" ते खोटं बोलत नव्हते. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. त्यात दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा तिला डोंगराकडेच रेटतो. पण रात्री वारं फिरतं. मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात, धूर वाडीत उतरतो, जळकी लाकडं उतारावरून गडगडत खालच्या पातेऱ्यात, वाळक्या पानांत, पडतात. दीर दुपारचं सांगत होते, काकी रात्रीचं. दोघंही खरं बोलत होते. हे मी काकींना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आपली भीती खुळी नाही, हे त्या सीझनमध्ये त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

म्हणून अशा माणसाला "घाबरू नका" हे शब्द मी कधीच सांगत नाही. धोका खरा आहे. मी आधी विचारते: आग कुठवर आली की तुम्ही घर सोडणार? काकींकडे उत्तर नव्हतं. बहुतेकांकडे नसतं, आणि छळ तिथेच असतो. सीमा ठरलेली नसली की दर मिनिटाला नव्याने ठरवावं लागतं, आता निघू की थांबू. मन ते काम रात्रभर करत राहतं.

मग सून आणि दीर यांना सोबत बसवून, दिवसाउजेडी आम्ही ठरवलं. आग गडग्याच्या वरच्या रायवळ आंब्यापाशी आली की निघायचं. चर्चा नाही, थोडं थांबून पाहू नाही. गुरांची दावी सोडायची, नातीला घेऊन खालच्या शाळेत जायचं. रेशन कार्ड, सातबारा, काकींच्या बीपीच्या गोळ्या, बॅटरी एका पिशवीत भरून दाराशी. वणवा दिसला की पहिला फोन वन विभागाच्या 1926 वर, घरावर बेतलं तर 112.

दुसरी गोष्ट पाळीची. चार घरांनी रात्र वाटून घेतली. काकींनी पहाटेची पाळी मागितली. इतरांची पाळी असताना त्यांनी माजघरात आडवं व्हायचं, जिथून डोंगर दिसत नाही. झोप लागलीच पाहिजे अशी अट मी घातली नाही. तशी अट घातली की झोप आणखी पळते. डोळे उघडे राहिले तरी चालेल, फक्त पाठ टेकवायची. पहिल्या रात्री त्या दोनदा उठून बघून आल्या. पुढे कमी झालं.

विरारचा मुलगा तासातासाला फोन करायचा, "आई, विझला का?" त्याची तगमग मला समजत होती. दूर असलेल्याला जास्तच दिसतं. त्यातून वाडीच्या ग्रुपवर जुने व्हिडिओ फिरत होते, ते पाहून तो आणखी हादरायचा. मग असं ठरलं की पाळीवरचा माणूस रात्री 9 ला आणि सकाळी 6 ला निरोप टाकेल. निघायची वेळ आली तरच मध्ये फोन. मुलाला दुसरं काम दिलं: डिसेंबरात गवत सुकू लागताच गडग्यालगत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढायला ग्रासकटर आणि माणसं लावून द्यायची.

नात विचारायची, "आजी, आपलं घर जळणार?" मोठी माणसं घाईने "काही नाही होत गं" म्हणतात. मुलाला समोर आग दिसत असते, मग त्याला कळतं की मोठी माणसं खरं सांगत नाहीत. काकी तिला म्हणू लागल्या, "आग डोंगरावर आहे. काका पाहतायत. जवळ आली तर आपण शाळेत जाऊ, तुझं दप्तर मी घेईन." नातीकडे बॅटरी सांभाळायचं काम दिलं.

मार्चमध्ये एका रात्री हाक आली आणि सगळी निघाली. आग गडग्यापाशी अडली, घराला काही झालं नाही. सकाळी कोणीतरी म्हणालंच, उगाच पळालात. काकी म्हणाल्या, "ठरल्यापरमाणं निघालो." त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता.

वणवा विझल्यावरही शेजारी कोणी राब भाजला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजली, की काकींची छाती धडधडायची. वास आठवण उठवतो. अशा वेळी एकदाच जाऊन धूर कुठला ते पाहावं, परत येऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. हे सहसा हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही स्वप्नं पडत असतील, बागेकडे पाऊल वळत नसेल, जेवण तुटलं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला तर कधीही, मोफत आणि मराठीत बोलता येतं.

आणि हिरव्या टहाळ्यांनी आग झोडपायला वर गेलेल्या पोरांना विसरू नका. भाजलेले पाय घेऊन ती खाली येतात, सगळे शाबासकी देतात, पण रात्री त्यांना झोप लागली का, हे कोणी विचारत नाही. काकींच्या दिरांचा मुलगा त्यातलाच. तो बोलेना, पिणं वाढलं. त्याला मी प्रसंग सांगायची बळजबरी केली नाही. घडलेलं सगळं एका बैठकीत ओतायला लावणं हितापेक्षा त्रासाचंच ठरू शकतं. जेवतोस का, झोपतोस का, एवढंच विचारलं. तिसऱ्या भेटीत तो आपणहून बोलू लागला.

तुमच्या वाडीतही असा एखादा असेल. त्याला जेवायला बोलवा आणि शेजारी बसा.