'थांबा': आज्ञा की जागा?

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलंय: "चौकातल्या लाल पाटीवर 'थांबा' आणि एसटीच्या पाटीवरही 'थांबा'. हा एकच शब्द का? आणि लाल पाटीवर 'कृपया थांबा' का लिहीत नाहीत?"

रूप एक, शब्द दोन. लाल पाटीवरचा 'थांबा' हा 'थांबणे'चा आज्ञार्थ, आदरार्थी अनेकवचन. एसटीचा 'थांबा' हे पुल्लिंगी नाम. प्रत्यय लावून पाहा: 'थांब्यावर उतरलो', 'मधे दोन थांबे आहेत'. आज्ञेला असा प्रत्यय लागत नाही.

बोलताना घोळ होत नाही. "भाऊ, थांबा आला का?" असं कंडक्टरला विचारलं की त्याला बरोबर कळतं. पाटीवर मात्र शब्द एकटा असतो, मागेपुढे वाक्य नाही. तिथे व्याकरणाचं काम पाटीचा आकार करतो, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 'आयआरसी ६७' या संहितेत रस्त्यावरच्या चिन्हांचे तीन वर्ग आहेत: आदेशात्मक, सावधगिरीचे आणि माहितीदर्शक. आदेशाची चिन्हं बहुतेक गोल, सावधगिरीची त्रिकोणी, माहितीची आयताकृती. अष्टकोन राखून ठेवलाय तो फक्त 'थांबा'साठी. पारोळ्याकडे जाताना एका गावरस्त्याच्या तोंडाशी ही पाटी मी मागून पाहिली. नुसता करडा पत्रा, त्यावर धूळ, अक्षर एकही नाही. पण आठ कोपरे मोजता येत होते. समोरून येणाऱ्याला थांबायचंय, हे महामार्गावरून जाणाऱ्या मलाही कळलं. भाषेचं म्हणाल, तर रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या १९६८च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारानुसार या अष्टकोनात इंग्रजी शब्द किंवा त्या देशाच्या भाषेतला शब्द चालतो.

आता 'कृपया'. चिन्ह आदेशात्मक आहे, ते पाळणं कायद्याने बंधनकारक. 'कृपया' घातलं की आज्ञेची विनंती होते, म्हणून ते नको. एसटीच्या 'विनंती थांबा'तली विनंती वेगळी: ती प्रवाशाने हात दाखवून चालकाला करायची असते.

एरंडोल तालुक्यातल्या एका फाट्यावर कुणीतरी वाहनांसाठीच, पण निळ्या चौकोनी पत्र्यावर 'थांबा' रंगवून घेतलंय. गाड्या तिथून सुसाट जातात, आणि पत्र्याच्या सावलीत माणसं पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत बसलेली असतात.