टॉरीन क्लोरामाइन कधी लागू पडते, कधी नाही

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात एलपीएसने (जिवाणूंच्या कवचातला दाहकारक पदार्थ) चेतवलेल्या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक भक्षक) पेशींवर टॉरीन क्लोरामाइनचा (टॉरीन या अमिनो आम्लाला क्लोरीन जोडून बनणारे संयुग) परिणाम पाहतो आहे. एका आठवड्यात नायट्राइट (पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडचे माप) निम्म्यावर येते, पुढच्या आठवड्यात तेवढ्याच मात्रेला काहीच फरक पडत नाही. कुठे चुकते? आणि टॉरीनऐवजी ग्लायसीन चालेल का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : पेशींवर संशय घेण्याआधी टॉरीनला क्लोरीन देणाऱ्या हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) बाटलीवर घ्या. उष्णतेत ते उतरत जाते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात. लेबलवरची टक्केवारी तेव्हा नावापुरतीच. दर वेळी पीएच १२ ला, २९२ नॅनोमीटरवर मोजा (मोलर शोषणांक, म्हणजे एक मोलर द्रावणाचा एक सेंटिमीटर थर किती प्रकाश शोषतो तो आकडा, ३५०).

२५० मिलिग्रॅम टॉरीन १०० मिलि फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४) विरघळवले की २० मिलिमोलर होते. ते ढवळत ठेवून १० मिलिमोलर हायपोक्लोराइट तेवढ्याच आकारमानात थेंब थेंब सोडा. उलट क्रम नको : क्लोरीन वरचढ झाले की एकाच नायट्रोजनवर दोन क्लोरीन बसतात. हे डायक्लोरामाइन ३०० नॅनोमीटरला दिसते. आपल्याला हवे ते २५२ ला, शोषणांक ४२९. पाचपट पातळ केल्यावर वाचन ०.४३ च्या आसपास यायला हवे. ट्रिस बफर आणि अमोनियम क्षार टाळा, ते क्लोरीन पळवतात. द्रावण ४ अंशांवर ठेवा, त्याच दिवशी वापरा.

एवढे करूनही आकडे हलत असतील तर माध्यम पाहा. सीरम, सिस्टीन, मेथिओनीन यांतले गंधक क्लोरीन आधीच गिळते. पेशीत घडते तेही गंधकावरच : आयकॅपाबी-अल्फा या रोखून धरणाऱ्या प्रथिनातल्या ४५ व्या मेथिओनीनचे ऑक्सिडीकरण होते, मग ते प्रथिन मोडत नाही, एनएफ-कॅपाबी हा दाहाची जनुके चालू करणारा घटक केंद्रकाबाहेर अडकून पडतो आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचा हुकूम निघतच नाही. क्लोरीन बाहेरच संपले तर आत काय पोचणार? म्हणून मात्रा सीरमविरहित माध्यमात द्या, एलपीएसच्या आधी की नंतर हेही ठरवून टाका. तुलनेला तेवढेच साधे टॉरीन हवेच, शिवाय जिवंत पेशींची मोजणीही. पेशी मेल्या तरी नायट्राइट उतरतेच, आणि तो आकडा दिसायला अगदी छान दिसतो!

ग्लायसीन नको. त्याच्या कार्बॉक्सिल गटामुळे क्लोरामाइन तुटून अल्डिहाइड बनते. टॉरीनमध्ये त्या जागी सल्फोनिक गट आहे, म्हणून ते टिकते; न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये सर्वांत जास्त असणारे मुक्त अमिनो आम्लही तेच.