सतारीला कॉन्टॅक्ट पिकअप लावला तर मूळ आवाज बिघडतो का? आणि लावायचा कुठे?

खुशाल लावा. हा पिकअप म्हणजे वाद्याला चिकटवायची पिएझोची चकती, ती कंपनाचा विजेचा संकेत करते. पण तो कुठे चिकटवता यापेक्षा कशात जोडता, यावर जास्त अवलंबून आहे. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा पिकअप लावून वाजवलं तेव्हा पत्रा वाजवल्यासारखा आवाज आला. नखीचा टकटकाट, पडद्यावरची बोटांची खरखर, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. खर्ज मात्र गायब. आलापात खाली उतरलो तर समोर काही पोचेचना. कार्यक्रम संपल्यावर थोरले गुरुबंधू म्हणाले, "तुझी जवारी फार खुली आहे, बंद करून घे." जवारी म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घडण, ती घासून बदलते. त्यांचा शब्द मोडवेना. घोडी घासून घेतली. पुढच्या कार्यक्रमात तोच पत्रा. परत घासली. शेवटी घोडीच बदलावी लागली, आणि रियाजाला बसल्यावर जो आवाज मला आवडायचा तो कायमचा गेला.

दोष जवारीत नव्हताच. पिकअपची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला गेली होती. पिएझोची चकती ही विजेच्या हिशेबात कपॅसिटर. २० नॅनोफॅरडची चकती १० किलोओहमच्या इनपुटला जोडली की साधारण ८०० हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने पडत जातो. काळी एकच्या सतारीत बाजाची तार १८५ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची जेमतेम ७०. म्हणजे खर्ज वीस-एक डेसिबल खाली! मध्ये निदान १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप किंवा डी-आय (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची डबी) घाला (मी ५ ते १० चा वापरतो), खर्ज जागेवर येतो.

जागा म्हणाल तर तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर), घोडीच्या पायाजवळ. तिथून बोटभर इकडे-तिकडे सरकवून ऐका, फरक लगेच कळतो. स्टेजवरचा मॉनिटर मात्र हळू ठेवा, नाहीतर तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) त्यानेच झणझणायला लागतात आणि तबली घुमते. फीडबॅक सुरू झालाच तर आधी फेजचं बटण उलटं करून बघा.

गुरुबंधू आजही सांगत फिरतात की पिकअपने वाद्याचा जीव जातो. माझ्या घोडीला पिकअपने काही केलं नाही, कानशीने केलं. म्हणून स्पीकरमधला आवाज ऐकून कुणी जवारीला हात लावायला सांगितलं तर वायर काढा, तीच तार त्याच्या समोर नुसती वाजवा, मग ठरवा.

एक मात्र मान्य करतो. पिकअपला लाकडाचं कंपन कळतं, हवेतला आवाज कळत नाही. भोपळ्याचा गोलावा हवा असेल तर सोबत माइक लागतोच, आणि छोट्या बैठकीत नुसता माइक पुरतो. चकती चिकटवायची टेप जुन्या वाद्यावर रात्रभर ठेवू नका, काढताना पॉलिशचा पापुद्रा निघतो.