इंग्रजीच्या तासाला गोष्टीचं पुस्तक, मग दहावीचं काय?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येतो, कधी फोनवर, कधी कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर सुद्धा. लेकरू नववीत आहे, इंग्रजीचे सर नाहीतर मॅडम आठवड्यातले दोन तास "आवडेल ते पुस्तक घ्या आणि वाचत बसा" म्हणतात, धडा नाही, ग्रामर नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, तर हे चाललंय काय आणि दहावीला याचा उपयोग काय. आमच्या लातूरकडे लेकरू सातवीत गेलं की क्लास लावणारे पालक आहेत, तिथं हा प्रश्न येणारच. एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये एवढे बारीकसारीक बदल केलेत.

औशाकडचं कुटुंब. वडलांचं कृषी सेवा केंद्र, थोरला मुलगा लातूरला नीटच्या तयारीला, धाकटी मुलगी मराठी माध्यमात नववीला. तक्रार काय तर पोटदुखी, ती पण बुधवारी आणि शनिवारी सकाळी हमखास. सोनोग्राफी झाली, औषधं झाली, काहीच निघालं नाही, शेवटी डॉक्टरांनीच माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं. हे दोन वार म्हणजे वाचनाच्या तासाचे वार, हे आईच्या लक्षात आलं होतं. वडलांनी तर खुर्चीत बसायच्या आधीच निकाल देऊन टाकला, "मॅडम, लेकरू इंग्रजीच्या तासाला निस्ती गोष्टीची पुस्तकं वाचू लालंय, तेच्यानंच टेन्शन घेऊ लालंय. तुम्ही शाळेला एक चिठ्ठी द्या, त्या तासाला हिला बसवू नका म्हणून, तेवढ्या टायमात ग्रामर तर करील."

मी म्हटलं दादा, चिठ्ठीचं नंतर बघू, आधी पोरीशी बोलू द्या.

ती शाळेतनं थेट आली होती, दप्तर सोबतच होतं. आधी हो-नाही एवढंच. मग म्हटलं, दाखव की तुझं पुस्तक, काय वाचतीस ते. तिनं काढलं ते चारेकशे पानांचं इंग्रजी पुस्तक, बारीक अक्षर, एक चित्र नाही. पहिली तीन पानं शिसपेन्सिलीनं भरलेली, ओळींच्या मधे बारीक सुंदर अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले, काही ठिकाणी एक अर्थ खोडून दुसरा. चौथ्या पानावर निम्म्यात पेन्सिल थांबली होती. त्याच्यापुढची पानं कोरी करकरीत, काही तर एकमेकांना चिकटलेलीच. आणि वाचनाच्या वहीत पान नंबर लिहिला होता 140.

"बाळा, एकशे चाळीस पानं झाली का गं?" एवढंच विचारलं, तर रडायलाच लागली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पुस्तक वडलांनी लातूरहून आणलेलं, दादानं पण नववीत असलंच जाड पुस्तक वाचलं होतं म्हणून (दादानं ते वाचलंच नव्हतं, हे तिनंच नंतर मला हळूच सांगितलं). रात्री दुकान बंद करून पप्पा घरी आले की जेवताना विचारणार, आज किती पानं झाली, आणि मधलंच एखादं पान उघडून बोट ठेवणार, ह्या शब्दाचा अर्थ सांग. वर्गात ती शेजारची मैत्रीण पान उलटते तेव्हा आपलं पान उलटायची. मॅडम त्या तासाला एकेका मुलाला जवळ बोलवून पुस्तकाबद्दल गप्पा मारतात, आपला नंबर आला तर काय बोलायचं, हे ते पोटात दुखणं होतं.

म्हणजे बघा, मुलांनी स्वतः निवडायचं हाच त्या तासाचा पाया आणि हिच्या बाबतीत नेमकं तेच झालं नव्हतं.

मी विचारलं, पप्पांनी आणलेलं नसतं तर शाळेच्या कपाटातलं कुठलं घेतलं असतंस? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "एक हाय शेळीचं. पण मॅडम ते बारक्या लेकराचं हाय, पानापानावर चित्र हाय." ते पुस्तक तिनं मधल्या सुट्टीत कपाटापुढं उभं राहून आख्खं वाचलेलं होतं. शेळी बाजारातनं कशी पळून येते ते सांगताना हसत होती, इंग्रजी वाक्यं मधेमधे तशीच्या तशी येत होती. वाचत होती हो पोरगी, फक्त लाजत होती.

आई-वडलांची परवानगी घेऊन तिच्या मॅडमशी फोनवर बोलले. तास पस्तीस मिनिटांचा. पहिली वीसेक मिनिटं सगळे गप्प वाचणार, मॅडम पण स्वतःचं पुस्तक काढून बसणार, मग एक-दोन मुलांशी गप्पा, बाकीचे शेजाऱ्याला आपल्या पुस्तकातलं सांगणार, मराठीत सांगितलं तरी चालतं. पुस्तक आवडलं नाही तर परत ठेवायचं, कारण विचारणार नाहीत. एवढं करणारी शाळा आपल्याकडं विरळाच, बऱ्याच ठिकाणी कपाट 15 ऑक्टोबरला, कलाम सरांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोपुरतं उघडतं आणि परत कुलूप.

आता वडील. त्यांची भीती खोटी नव्हती, ते स्वतः दहावीला इंग्रजीतच गेलेले, दोनदा. अशा माणसाला "पोरीला मोकळं सोडा" म्हणून काही होत नाही. मी विचारलं, दादा, दुकानात पेपर येतो ना, आधी कुठलं पान उघडता? म्हणाले बाजारभाव, सोयाबीनचा रेट बघायचा, मग क्रिकेट. म्हटलं, उद्यापासून आधी अग्रलेख वाचायचा, अडलेल्या शब्दापाशी थांबायचं, अर्थ लिहून काढायचा, आणि रात्री जेवताना मी येऊन विचारणार. हसले. म्हणाले, "मग पेपरच बंद करीन की." त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे जे बघितलं ते मी काही इथं लिहीत नाही.

मग मी मार्कांवर आले, कारण त्याच्याशिवाय ते उठणार नव्हते. मराठी माध्यमाच्या पोरांना दहावीला तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर 80 मार्कांचा असतो, त्यातले 15 मार्क पाठ्यपुस्तकाबाहेरच्या (नॉन-टेक्स्टुअल) उताऱ्यावर. तो उतारा कुठल्याच गाईडात आधी सापडत नाही, पाठ करून जाताच येत नाही, अनोळखी इंग्रजी दिसलं की घाबरायचं नाही आणि पुढं वाचत राहायचं हीच त्याची तयारी, आणि तीच सवय त्या दोन तासांत लागते.

आणि सोपं पुस्तक का, तर हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांनी 2000 साली तपासलं होतं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला किती शब्द ओळखीचे लागतात, तर साधारण 98 टक्के. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. हिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच पेन्सिलीचे अर्थ दोन हातांच्या बोटांवर मावत नव्हते. घरी बघायचं असेल तर पुस्तकाचं मधलं एक पान लेकराला वाचू द्या, अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडायला सांगा, पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या ठेवून द्यायचं. हा अंदाजच आहे, पण लेकराचं लेकराला करता येतो.

वडलांना फिजीची गोष्ट जास्त पटली. त्या बेटांच्या देशात खेड्यातल्या शाळांत एली आणि मंगुभाई या अभ्यासकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांत अडीचशेच्या आसपास इंग्रजी गोष्टीची पुस्तकं दिली होती, 1983 साली त्यावर लिहिलं. घरी इंग्रजी न बोलणारी पोरं, त्यात हिंदी बोलणाऱ्या भारतीय वंशाची पण होती, आणि नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्या वर्गांपेक्षा ती वाचनात पुढं गेली. "तिकडं पण आपलेच लोक का," एवढं म्हणून ते जरा सैल बसले. मात्र दुसरी बाजू पण मी सांगते, अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीनं 2000 सालीच म्हटलं होतं की नुसतं गप्प वाचायला बसवल्यानं वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही. माझं स्वतःचं मत, मॅडमच्या त्या गप्पा काढून टाकल्या तर तो तास खरंच टाइमपास होईल. तुमच्या शाळेत शिक्षक पुस्तकं वाटून वह्या तपासत बसत असतील तर तुमची तक्रार योग्य आहे, जाऊन बोला.

ठरलं काय, तर जाड पुस्तक दादाच्या खोलीत. रात्रीचं अर्थ विचारणं बंद, विचारायचंच असेल तर "आज काय झालं गोष्टीत?" आणि ते तिनं मराठीत सांगायचं. पान नंबर लिहायचा नाही, त्याऐवजी दोन ओळी, आवडलं का, कुठं कंटाळा आला. मोबाइलवर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट दाखवली, फुकट आहे, गोष्टी लेव्हलप्रमाणे लावलेल्या असतात आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडं मिळतात, आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचली तरी काही बिघडत नाही. मॅडमनी तर वर्गात स्वतःच एक चित्रांचं पुस्तक हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, हे मी सुचवलेलं नव्हतं बरं का, त्यांचं त्यांना सुचलं.

पोटदुखी लगेच गेली नाही, दिवाळीच्या आधी एका बुधवारी परत उठलीच, पण शाळा बुडली नाही. सहामाहीला इंग्रजीचे मार्क होते तेवढेच राहिले, आणि वडलांनी ते मला फोन करून ऐकवलं पण. मी म्हटलं, दादा, चार महिन्यांत मार्क वाढतील असं मी बोललेच नव्हते. दुसऱ्या फोनला मात्र सूर जरा वेगळा, पोरगी पेपरात नॉन-टेक्स्टुअल उतारा आधी सोडवू लालीय म्हणे, आधी तो शेवटाला ठेवून अर्धा कोरा सोडायची.

दहावीच्या वर्षाचं भांडण अजून बाकी आहे. वडलांचं म्हणणं दहावीला हे वाचन पूर्ण बंद. पोरीनं माझ्यासमोर घासाघीस केली, दिवाळीपर्यंत दोन्ही तास, दिवाळीनंतर एकच, आणि सराव परीक्षा सुरू झाल्या की बंद. वडील "बघू" म्हणालेत. मॅडमना तिनं आधीच सांगून ठेवलंय.