सोसायटीत एईडी घेतलं तर ते चालवणार कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ११ मजल्यांच्या ३ इमारती, बरेचसे रहिवासी साठीच्या पुढचे. एईडी, म्हणजे अचानक कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, घ्यायचा ठराव सर्वसाधारण सभेत येतोय, कोटेशन दीड लाखाचं आहे. आणि सभासद विचारतायत की आपल्याकडे डॉक्टर नाही, मग ते वापरणार कोण? चुकून धडधाकट माणसाला शॉक बसला तर जबाबदार कोण?

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात २६ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच आयसीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात. निवृत्तीनंतर ठाण्यात राहते आणि रविवारी सोसायट्यांमध्ये सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, ते शिकवते. माझं उत्तर: मशीन घ्या. पण ठराव करताना डॉक्टरचा विचार करू नका, तुमच्या वॉचमनचा करा. का ते सांगते.

आधी शॉकची भीती. वॉर्डात आम्ही मॉनिटरवर हृदयाची लय बघायचो आणि शॉक द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवायचे. एईडीत हे ठरवायचं काम मशीनच करतं. छातीवर दोन पॅड चिकटवले की ते स्वतः लय तपासतं. शॉक देण्याजोग्या लयी दोनच: एकात हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, दुसरीत ते इतक्या वेगाने धावतात की रक्त पुढे जातच नाही. या दोन सोडून दुसरं काहीही दिसलं तर मशीन ‘शॉकची गरज नाही’ म्हणतं आणि मग बटण कितीही दाबा, काही होत नाही. मालिकांमध्ये मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक देताना दाखवतात, ते चूक आहे. सरळ रेषेला शॉक देत नाहीत. शॉक हवा तो थरथरणाऱ्या हृदयाला. दूध उतू जायच्या आधी साय कशी थरथरते, तसं ते हृदय हलत असतं, पण पंप म्हणून बंद. शॉकने ती सगळी थरथर क्षणभर थांबते आणि हृदयाची स्वतःची लय परत सुरू व्हायला वाव मिळतो. खरा धोका एकच: शॉकच्या क्षणी कोणी पेशंटला हात लावून बसलेलं असणं. मशीन त्याआधी बजावतं, आणि आपणही ओरडून सगळ्यांना बाजूला करायचं.

हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट यांतली गल्लत मात्र सभेतच मिटवा. अटॅक आलेला माणूस बहुतेक वेळा बोलतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणतो, घामाने निथळतो. त्याला मशीन लावायचं नाही, चालायला लावायचं नाही, १०८ ला फोन करून बसवून ठेवायचं. अरेस्ट म्हणजे हृदयाचा पंपच अचानक बंद; असा माणूस कोसळतो. खांदे हलवून हाका मारल्या तरी ओ देत नाही, श्वास नसतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून अटॅकच्या माणसाजवळून उठायचं नाही.

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते एका गोष्टीत. कोसळलेला माणूस पहिली काही मिनिटं मधूनच आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. बघणारे म्हणतात, श्वास चालू आहे, चक्कर आलीय. मग कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल नाकाशी धरतं, कोणी तोंडात पाणी घालतं. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. छाती दाबायला लागा आणि मशीन आणायला माणूस पळवा.

कारण प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. पुण्यातल्या संध्याकाळच्या गर्दीत अँब्युलन्स किती मिनिटांत येईल, हे तुम्हीच मला सांगा. १०८ वाले डॉक्टर घेऊन येतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्ता त्यांच्या हातात नाही.

आता वॉचमनकडे येते. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षा रक्षकांना एईडी शिकवून एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नाहीत, सिस्टर नाहीत, दारावर उभे राहणारे रक्षक. कोणाच्या तरी डोळ्यांसमोर कोसळलेल्या ज्या लोकांना ३ मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के हॉस्पिटलमधून जिवंत घरी गेले. ३ मिनिटांनंतर मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के. हे सगळे थरथरणाऱ्या हृदयाचे पेशंट होते, म्हणजे शॉक लागू पडणारे, हेही लक्षात ठेवा. तरी आयसीसीयूत इतकी वर्षं काढून मला हे आकडे वाचताना अंगावर काटा आला होता.

आणि आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातं. मी आधी राहत होते त्या सोसायटीत एईडी होतं. नारळ फोडून उद्घाटन झालं, मीही टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी एका सकाळी पावणेसातला खाली चालताना एक काका कोसळले, वय ५८. मी आणि एक कॉलेजचा मुलगा आळीपाळीने छाती दाबत होतो. मशीन सोसायटीच्या ऑफिसात होतं, आमच्यापासून चाळीसेक पावलांवर. ऑफिस ११ ला उघडायचं आणि किल्ली खजिनदारांकडे, ते गावी गेलेले. कोणीतरी काच फोडेपर्यंत आणि कपाटाचं दुसरं कुलूप तोडेपर्यंत १५ मिनिटं गेली. पॅड लावले तेव्हा मशीनने शॉकची गरज नाही म्हणून सांगितलं. सरळ रेषा. अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी नंतरही बराच वेळ प्रयत्न केले. काका गेले. उद्घाटनाच्या दिवशी किल्ली कोणाकडे राहणार, हे मी विचारलं नव्हतं. आयसीसीयूतल्या बाईला ते सुचायला हवं होतं, ही टोचणी अजून आहे.

म्हणून जागा ठरवताना क्लबहाउस, ऑफिस, सेक्रेटरींचं घर, सगळं बाद. जिथे २४ तास माणूस असतो तिथे, म्हणजे गेटच्या केबिनमध्ये किंवा तिच्याशेजारच्या भिंतीवर ठेवा. कुलूप नको. दार उघडलं की मोठ्याने भोंगा वाजेल अशी पेटी मिळते, चोरीची भीती वाटत असेल तर ती घ्या. केबिन पत्र्याची असेल तर आधी उन्हाचा बंदोबस्त करा. बहुतेक मशीन ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात आणि मे महिन्यात बंद पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मग एका दुपारी घड्याळ लावा: सगळ्यात लांबच्या इमारतीच्या ११व्या मजल्यावरून गेटवर फोन करा, वॉचमन मशीन घेऊन दारात पोचेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. लिफ्टची वाट बघण्यातला वेळही धरा. ३ मिनिटांच्या वर गेलं तर दुसरं मशीन घेण्याआधी इंटरकॉम, लिफ्ट, मधली बंद गेटं यांकडे बघा. त्याच वेळी दुसऱ्याने अँब्युलन्ससाठी गेट उघडून लिफ्ट खाली धरून ठेवायची, हेही ठरवून टाका.

मशीन येईपर्यंत आणि शॉक दिल्यावरही हात थांबवायचे नाहीत. छातीच्या मधोमध, हाडावर, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मोठ्यांच्या बाबतीत तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसतं दाबा. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसांसाठी बसवलेली ‘कोल्स’ पद्धत नुसत्या दाबण्याचीच आहे. मशीन दर दोन मिनिटांनी थांबायला सांगतं, लय तपासतं, पुन्हा दाबायला सांगतं. दोन मिनिटांत चांगला तरुणही दमतो, म्हणून माणूस बदलत राहा.

पॅड कुठे लावायचे याचं चित्र पॅडवरच असतं: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. उघड्या, कोरड्या कातडीवर. घाम पुसा, केस दाट असतील तर पेटीत वस्तरा असतो. गळपट्टीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर त्याच्यावर नको, थोडा सरकवून लावा. ८ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे पॅड असतात. नसले तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

बाईला अरेस्ट झाला तर? मी हे विचारलं की दर वेळी वर्ग गप्प होतो. पुरुष खाली बघतात, वॉचमन तर जास्तच. लोक बाईच्या छातीला हात लावायला कचरतात आणि त्या कचरण्यात तिची मिनिटं जातात. म्हणून मी सरळ शिकवते: आसपासच्या दोन बायकांनी ओढणी किंवा चादर धरून आडोसा करायचा, ब्लाउज समोरून कात्रीने कापायचा, कात्री पेटीत असते. मंगळसूत्र तोडायला नको, पॅडखाली येणार नाही असं बाजूला सरकवलं की झालं. वॉचमनला हे कमिटीने लेखी सांगून ठेवावं, की तू हात लावलास म्हणून तुला कोणी बोलणार नाही. त्याची नोकरी तुमच्या हातात असते, त्याला ते ऐकायची गरज आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात: शुद्धीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३० तेच सांगतं.

खर्च मात्र दीड लाखावर थांबत नाही, हे सभेत आत्ताच सांगा. पॅडवरचा जेल सुकतो, म्हणून त्यांना मुदत असते, साधारण दोन-चार वर्षांची. पॅड एकदा वापरले की टाकायचे, तेव्हा जास्तीचा एक जोड हवाच. बॅटरी साधारण ४-५ वर्षं जाते. मशीन स्वतःची तपासणी करून हिरवा दिवा दाखवतं, पण तो दिवा बघणारं कोणीतरी लागतं. पहाटेच्या पाळीच्या रजिस्टरमध्ये ‘एईडी हिरवा’ असा एक रकाना वाढवा.

तुमच्या सभासदांपैकी कोणी म्हणेल, त्यापेक्षा मी माझ्या घरात एक घेऊन ठेवतो. एकदा मोठा अटॅक येऊन गेलेल्या ७,००१ लोकांवर यासाठी अभ्यास झाला, २००८ मध्ये निकाल आला. घरात मशीन ठेवल्याने मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. त्यापेक्षा त्या पैशात घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सीपीआर शिकवावा.

बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांनी १९६५ मध्ये अँब्युलन्ससाठी बनवलेलं पहिलं फिरतं डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं मशीन, गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि सुमारे ७० किलोचं होतं. आज तुमचा वॉचमन ते एका हातात घेऊन जिना चढू शकतो.

विकणारी कंपनी डेमोला येईल तेव्हा दोन गोष्टी बघा. मशीन बोलून ज्या सूचना देतं, त्या कुठल्या भाषेत आहेत? इंग्रजीच असेल आणि तुमच्या वॉचमनला ती कळत नसेल, तर हिंदी किंवा मराठी बोलणारं मागा. आणि डेमोत मशीन चेअरमनच्या हातात देऊ नका. रात्रपाळीच्या वॉचमनला बोलवा, सरावाच्या पुतळ्याजवळ एकटं सोडा आणि त्याला काही न सांगता बघत बसा. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं प्रशिक्षण सुरू करा.