मोनोलिथ फोडून मायक्रोसर्व्हिस करतोय, कॉन्फिगरेशन कुठं ठेवायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की जावाचं एकच मोठं ॲप्लिकेशन (मोनोलिथ) फोडून आठ छोट्या स्वतंत्र सर्व्हिस (मायक्रोसर्व्हिस) करताय, मग जुन्या चारशे ओळींच्या प्रॉपर्टीज फाईलची, म्हणजे सेटिंगच्या फाईलची, कॉपी प्रत्येकात टाकायची का सगळ्यांना सेटिंग एका जागेवरून देणारा कॉन्फिग सर्व्हर उभा करायचा. मी जळगावात केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, यात तोंड पोळलंय म्हणून लिहितो.

आम्ही कॉपी टाकली होती. पाच सर्व्हिस, पाच फायली, वाटलं झालं काम. त्या फाईलमध्ये डेटाबेसचा पत्ता पण होता, एसएमएसवाल्याचा पासवर्ड पण आणि हमालीचा क्विंटलमागचा दर पण. ऐन सीझनमध्ये दर वाढला, आमच्या पोरानं पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) काढणाऱ्या सर्व्हिसमध्ये बदलला आणि खातेवहीवाल्या सर्व्हिसमध्ये राहून गेला, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पट्टी एका रकमेची अन् खात्यात जमा दुसरीच. सावद्याच्या एका दिवाणजींनी क्विंटलमागं दोन रुपयांचा फरक पकडला, रात्री साडेदहाला फोन, "का भो, तुमचं कॉम्प्युटर दोन तोंडांनी बोलतं का?"

तेव्हा कळलं की हमालीचा दर ही कॉन्फिग नव्हतीच मुळी, तो डेटा होता. त्याला तारीख असते, कारण मागच्या महिन्याची पट्टी आज परत काढली तर जुनाच दर लागायला पाहिजे. आता तो एकाच सर्व्हिसच्या टेबलात आहे, 'कधीपासून लागू' या कॉलमसकट, बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. म्हणून टूल नंतर बघा, आधी त्या चारशे ओळी घेऊन बसा आणि प्रत्येकीला विचारा की टेस्टवर आणि लाइव्हवर तू वेगळी असतेस का. असेल तर ती खरी कॉन्फिग, नसेल तर बहुतेक वेळा कोडमध्ये किंवा टेबलात तिची जागा. आमच्या निम्म्या ओळी तिथंच गळाल्या.

उरलेल्यांसाठी आठ सर्व्हिसला वेगळा कॉन्फिग सर्व्हर मला तरी जड वाटतो. स्प्रिंग क्लाउड कॉन्फिग हा तसला तयार सर्व्हर चांगला आहे, पण तो सर्व्हर बंद असला की नवी सर्व्हिस उठतानाच अडकते, किंवा सेटिंग ढिली असेल तर गपचूप डिफॉल्टवर उठते, ते जास्त वाईट. कुबर्नेटिस, म्हणजे सर्व्हिस चालवणारी-सांभाळणारी सिस्टीम, वापरत असाल तर तिचा कॉन्फिगमॅप, म्हणजे सेटिंगची यादी, पुरतो. फक्त एक ध्यानात ठेवा, त्यातली व्हॅल्यू एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हिस सुरू होताना तिला मिळणारी व्हॅल्यू) म्हणून दिली तर चालू पॉडमध्ये, म्हणजे सर्व्हिस ज्यात चालते त्या डब्यात, बदल पोचत नाही, पॉड रिस्टार्ट करावाच लागतो. फाईल म्हणून माउंट केली, म्हणजे पॉडला जोडली, तर थोड्या वेळानं फाईल बदलते, पण सबपाथ (त्यातली एकच फाईल जोडायची सोय) लावलात तर तेही नाही, आणि फाईल बदलली तरी तुमच्या कोडनं ती परत वाचायला पाहिजे ना. आम्ही सरळ रिस्टार्ट करतो. आणि लाइव्हला डिफॉल्ट ठेवूच नका, व्हॅल्यू सापडली नाही तर सर्व्हिसनं त्या ओळीचं नाव सांगून बंद पडावं.

पासवर्ड मात्र वेगळे. कुबर्नेटिसच्या सीक्रेटला (पासवर्ड ठेवायच्या जागेला) नावावर जाऊन भुलू नका, ते बेस ६४ असतं, म्हणजे फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिलेलं, कुणीही उलगडतो, म्हणून कुणाला वाचता येईल याची परवानगी आवळा आणि साठवणीत एन्क्रिप्शन चालू करा. गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपणाऱ्या टूलमध्ये) एकदा गेलेला पासवर्ड फाईल डिलीट केली तरी हिस्ट्रीत राहतो, तो बदलायचाच. आमचा एसएमएसवाला पासवर्ड पाचही फायलींत होता, बदलताना पाचवी फाईल विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकाही शेतकऱ्याला भावाचा मेसेज गेला नाही.